साधाच करू!

मराठी घरात 'साधाच करू' हे वाक्य कुणी उच्चारलं की समजावं, खर्चाला सुरुवात झाली. 'दणक्यात करू' म्हणणाऱ्यांना निदान आकडा माहीत असतो. हॉल एवढ्याला, आचारी एवढ्याला, कर्ज एवढं. साध्याला आकडा नसतो, नुसती मतं असतात, आणि ती घरातल्या प्रत्येकाची वेगळी असतात.

आमच्या पुतणीचा साखरपुडा असाच साधा करायचं ठरलं. मुलगी खोपोलीची, मुलगा चिंचवडचा, त्याचं आजोळ डोंबिवलीचं. दोघं हिंजवडीत एकाच इमारतीत कामाला. पत्रिका न बघता जमलेलं, त्यामुळे आम्हा वडीलधाऱ्यांना तोवर काही कामच पडलं नव्हतं. ती सगळी कसर साखरपुड्यात भरून निघाली.

मुलांचं म्हणणं सरळ होतं. "काका, मोठं काही नको. घरातलीच माणसं. चारला जमायचं, अंगठ्या घालायच्या, वडापाव, चहा, गप्पा, आणि सातला सगळे आपापल्या घरी. एकदम कॅज्युअल." मुलाच्या आईनेही फोनवर सांगितलं, "आम्हाला काहीएक नको हो. नारळ आणि मुलगी." अनुभवी माणसाला हे वाक्य ऐकून घाम फुटतो. 'आम्हाला अमुक हवं' म्हणणारे व्याही परवडतात. त्यांची यादी करता येते, घासाघीस करता येते. ज्यांना काहीच नको असतं, त्यांना काय हवं होतं ते कार्यक्रम आटोपल्यावर तिसऱ्याच माणसाकडून कळतं.

जागेबद्दल मात्र वाद झाला नाही. मुंबईकर आणि पुणेकर यांचं एकमत होण्याचे प्रसंग थोडे. खोपोली मध्ये पडते, हा त्यातला एक. मध्ये पडण्याची ही नोकरी आमचं गाव फार पूर्वीपासून करतं आहे. मुंबईकडून रेल्वे इथवर आली १८५६ साली. वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली १८५८ साली. मधला घाट फोडून रूळ जोडायला १८६३ उजाडलं. तोवर पुण्याला निघालेला माणूस खाली उतरायचा आणि पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून खोपोलीमार्गे घाट चढायचा. माझी खात्री आहे, त्या पाच वर्षांतही खोपोलीत साखरपुडे झाले असणार आणि कुणाच्या तरी आत्याबाई "त्यांना पालखी आणि आम्हाला तट्टू!" म्हणून पानावर न बसताच परत गेल्या असणार.

मध्ये पडण्याचा तोटा असा, की खोपोलीला मुद्दाम कुणी येत नाही. सगळे जाता जाता येतात. मुंबईचे पुण्याला जाता जाता, पुण्याचे पालीच्या गणपतीला जाता जाता, आणि बच्चेकंपनीवाले इमॅजिकाला जाता जाता. आमच्या एका मेहुण्यांनी आधी लोणावळ्याचं हॉटेल ठरवलं आणि मग कळवलं, "वाटेत तुमच्याकडे डोकावून जाऊ." साखरपुड्याला डोकावणारा माणूस नेहमी सहकुटुंब असतो आणि उपाशी असतो.

तारखेसाठी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, म्हणून त्याच्या आत, म्हणजे जूनमध्ये. वार कुठला? सोमवारी मुलाच्या घरी उपास. मंगळवारी आमच्या वहिनीचा. बुधवारी कुणाला रजा नाही. गुरुवारी आमची अर्धी गल्ली गगनगिरी महाराजांच्या आश्रमात. शुक्रवारी डोंबिवलीच्या मामींची वैभवलक्ष्मी. शनिवार मुलाच्या वडिलांनी मारुतीला दिलेला. राहिला रविवार. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, आणि पावसाळ्यातल्या रविवारी अर्धी मुंबई भुशी डॅमकडे निघालेली असते. थोडक्यात, ज्या दिवशी कुणाला यायला हरकत नाही आणि कुणालाच पोचता येत नाही, असा वार नक्की झाला.

मग 'घरातली माणसं'. पुतणीने यादी केली, त्यात बावीस नावं होती. वहिनीने चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "समोरच्या काकू कुठायत?"

"अगं, त्या घरातल्या नाहीत."

"तू तीन वर्षांची होईस्तोवर त्यांच्याच घरात होतीस."

समोरच्या काकू आल्या म्हणजे त्यांच्या सुना आल्या. सुना आल्या तर शेजारच्या बिऱ्हाडाने काय पाप केलं? भाऊ कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्या एका मित्राला बोलवायचं म्हणजे अख्खी दुसरी पाळी बोलवावी लागते. शिवाय पूर्वीची देणी असतात. ज्यांच्या मुंजीत आपण जेवलो ते. ज्यांच्या वास्तुशांतीला आपण गेलो नाही, म्हणून ज्यांना आता तोंड दाखवायचंय ते. ज्यांनी स्थळ सुचवलं होतं आणि आपण नाकारलं, ते. त्यांना बोलावलं नाही तर राग धरला असं होतं, आणि बोलावलं तर हिणवलं असं होतं. (अशांना बोलवावं. हिणवल्याचा राग लवकर जातो.) चौथ्या दिवशी यादी एकशे चाळीसवर गेली, तेव्हा पुतणी म्हणाली, "यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखतसुद्धा नाही." भाऊ म्हणाला, "त्यासाठीच तर बोलावतोय. ओळख होईल."

खरोखर आटोपशीर कार्यं माझ्या पाहण्यात एकाच काळात झाली. एप्रिल २०२१मध्ये राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती. मोडली तर पन्नास हजार रुपये दंड. दिवस वाईट होते, हसत आठवावेत असे नव्हतेच. पण 'आम्हाला का नाही बोलावलं' हा प्रश्न तेवढे दिवस महाराष्ट्रात कुणी कुणाला विचारला नाही. छोटा कार्यक्रम करायला छोटी जागा आणि थोडे पैसे एवढ्याने भागत नाही. ज्याच्यावर ढकलता येईल असं कुणीतरी मोठं लागतं. आमच्याकडे ते नव्हतं. सोसायटीच्या हॉलची क्षमता सांगून बघितली, तर सेक्रेटरीच म्हणाले, "छे हो, दोनशे माणूस आरामात मावतं." तेही यादीत होते.

आमंत्रणाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, तोही साधा. पुतणीने लिहिलं होतं, 'आमच्या आनंदात सामील व्हायला या.' भावाने त्यावर 'श्री गजानन प्रसन्न' चढवलं. वहिनीने 'सहकुटुंब सहपरिवार' घातलं, जे घातल्यावर संख्येवरचा माणसाचा ताबा कायमचा सुटतो. शेवटी 'आपली उपस्थिती हाच आहेर' ही ओळ आली. एवढं करून मेसेज पाठवला, तर थोरल्या आत्याचा फोन आला, "मेसेज काय, मला गॅसवाल्याचाही येतो." मग प्रत्येकाला फोन. तेही वयाच्या उतरत्या क्रमाने, कारण धाकट्याला आधी कळल्याचं थोरल्याला कळलं की पुढची दहा वर्षं ते निघत राहतं.

येणार की नाही हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, ते ओळखावं लागतं. "अरे, घरचंच कार्य, न येऊन सांगतो कुणाला?" असं म्हणणारा येत नाही. "बघतो, जमवतो" म्हणणारा पाच माणसं घेऊन येतो. नुसता अंगठा पाठवणाऱ्याने मेसेज वाचलेला नसतो. जोडलेले हात पाठवणाऱ्याला नातेवाइकांपैकी कुणाच्या तरी निधनाची बातमी वाटलेली असते. या भांडवलावर आचाऱ्याला आकडा द्यायचा. तो बिचारा विचारत होता, "किती पानं धरू?" मी म्हटलं, "एकशे चाळीस सांगितलीयत." तो म्हणाला, "मग एकशे सत्तर धरतो. साधा आहे ना? साध्याला जास्त येतात. आहेर द्यावा लागत नाही."

आता वडापाव. खोपोलीत वडापावाबद्दल वावगं बोलायची सोय नाही. जुन्या हायवेवर रमाकांतच्या वड्यासाठी लोक घाट चढायच्या आधी आणि उतरल्यावर गाड्या थांबवतात. कित्येकांना या गावाची तेवढीच ओळख आहे. त्यामुळे मुलांची कल्पना मला मनापासून आवडली होती. गावाची चीज गावाच्या पाहुण्यांना द्यावी. पण वहिनी म्हणाली, "तो रस्त्यात उभं राहून खायचा पदार्थ. अंगठी घातलेल्या हाताने खायचा नव्हे." पुतणी म्हणाली, "पण साधंच करायचंय ना?" तेव्हा आचाऱ्याने मान वर केली आणि विचारलं, "साधं म्हणजे एक गोड की दोन?"

यावर घरात शांतता पसरली. एकच गोड ठेवलं तर लोकांना वाटतं काहीतरी बिनसलंय. दोन ठेवली तर ते साधं राहत नाही. शेवटी जिलेबी हे गोड, आणि पेढे हे शास्त्र, अशी वाटणी झाली. जिलेबी आली, तिच्यामागून मठ्ठा आला, मठ्ठ्यामागून मसालेभात. मसालेभात आहे तर पुरी-भाजी का नको? पुरी-भाजी आहे तर कोशिंबिरीवाचून पानाची डावी बाजू रिकामी दिसते. वडापाव गेला नाही, राहिला. पण त्याला 'सुरुवातीला' म्हणून पुढे काढलं. सातला घरी जायचा बेत होता तो आता आठला पान वाढायचा झाला.

रविवारी सकाळपासून पाऊस. खोपोलीचा पाऊस घाटाला आपटून उभाच्या उभा खाली येतो. छत्री ही त्याच्यासमोर केवळ शिष्टाचार. चारचे पाच वाजले. मुलाकडच्यांचा फोन आला, "अमृतांजन पुलापाशी अडकलोय." हा पूल २०२० साली पाडला. पण लोक अजून अडकतात ते त्याच्यापाशीच. डोंबिवलीकरांची कर्जतला खोपोली लोकल चुकली होती आणि दुसरी यायला वेळ होता, म्हणून फलाटावर वडे खाऊन घ्यावेत असं त्यांनी ठरवलं. ठाण्याकडून गाडीने आलेल्यांनी जुन्या हायवेवर रमाकांतला हजेरी लावली. तिसरा गट महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेऊन, नारळ-प्रसाद खाऊन आला. सहाच्या सुमारास सगळे हॉलमध्ये जमले तेव्हा एकशे पन्नास माणसांपैकी शंभरएक जणांच्या पोटात वडा होता, आणि आमचे तीनशे वडे टेबलावर गार होत होते.

खुर्च्यांच्या बाबतीत मुलांचा आग्रह होता की नावं नकोत, रांगा नकोत, कुणीही कुठेही बसावं. कुणीही कुठेही बसा असं सांगितलं की मराठी माणूस भिंतीला टेकून उभा राहतो. समोरचा सोफा रिकामा. "बसा ना." "नाही, नाही, इथे बरं आहे." त्या सोफ्यावर शेवटी दोन लहान मुलं आणि ओल्या छत्र्या बसल्या. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांमधले नाना अर्धे. तेवढ्यावर त्यांनी पुण्याचा कारभार सांभाळला. व्याह्यांच्या सोफ्यावर कुणाला बसवायचं हे ठरवायला उरलेले तीनही बोलवावे लागले असते.

आणि आग्रह! नव्या मुलांचा खरा घोटाळा इथे होतो. आपल्याकडे पहिलं 'नको' हे संस्कार असतात, दुसरं 'नको' संकोच असतो, आणि तिसरं खरं असतं की नाही हे चौथ्यांदा विचारल्याशिवाय कळत नाही. पुतणी वडापावाची ताटली घेऊन मुलाच्या मावशींकडे गेली. मावशी म्हणाल्या, "नको गं." आणि या पोरीने "ओके मावशी" म्हणून ताटली खरोखर परत नेली. मावशींचा हात अर्धा पुढे आलेला होता. तो हात त्यांनी केसांवरून फिरवला. मी समोरच होतो. सर्व काही पाहिलं. नंतर पाच मिनिटांत ही बातमी मुलाकडच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली: विचारायचं म्हणून विचारतात. मग वहिनी पदर खोचून उतरली. तिने मावशींना दोन वडे वाढले, तिसरा शपथ घालून, चौथा "माझ्यासाठी" म्हणून. शेवटी मावशी तृप्त होऊन म्हणाल्या, "अहो, वाटेत खाऊन आलो होतो."

गुरुजींनी गणपती मांडला, सुपारी ठेवली, आणि ऐन अंगठीच्या वेळी वीज गेली. काळोखात काहीतरी बोलावं म्हणून मी व्याह्यांना अभिमानाने सांगितलं, "इथल्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज जात होती बरं का." ते चिंचवडचे असले तरी शिक्षण सदाशिव पेठेतलं. म्हणाले, "तिकडेच सगळी गेलेली दिसते."

मोबाइलच्या टॉर्चवर अंगठ्या घातल्या. फोटो इतके सुंदर आले की मुलाच्या बहिणीच्या मैत्रिणी अजून विचारतात, ही थीम कुणी सुचवली.

आहेराचं सांगायचं राहिलं. मानपान नको असा दोन्ही घरांत तह झाला होता. पण तह झाला म्हणून दारूगोळा बरोबर ठेवू नये असं थोडंच आहे? विहीणबाईंनी पिशवीतून साडी काढली. "ही काही साडी नव्हे हो, नुसती ओटी." वहिनी आत गेली आणि कपाटामागे 'लागल्या तर असाव्यात' म्हणून ठेवलेल्या पाच साड्या घेऊन आली. त्यांच्याकडे सहा बायका मानाच्या निघाल्या. सहाव्या कोण आणि त्यांना ब्लाउजपीस चालेल का, यावर स्वयंपाकघरात कुजबुज सुरू असताना समोरच्या काकू, त्याच त्या, घरी जाऊन स्वतःच्या कपाटातली कोरी नारायणपेठ घेऊन आल्या. घरातल्या नसत्या तर कुठून आल्या असत्या? पुरुषांना टॉवेल-टोपी. टोपी घालणारा त्यांच्यात एकही नव्हता, पण सगळ्यांनी ती फोटोपुरती घातली. पाकिटंही निघालीच. "आहेर नको लिहिलंय ना?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "हा आहेर नाही, आशीर्वाद आहे." आशीर्वादाला वर एक रुपया चिकटवलेला होता आणि वहीत तो नावानिशी टिपून घेतला, परतफेडीला सोपं जावं म्हणून.

पंगती नऊपर्यंत चालल्या. एकशे सत्तर पानं पुरली. आचाऱ्याने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. निरोप घेण्याचं काम साडेनऊला सुरू झालं, ते दारात, पायऱ्यांवर, गाडीच्या खिडकीशी असं टप्प्याटप्प्याने चाललं. मुलीच्या बापाने यजमान म्हणून जे काही बोलायचं असतं ते सगळं याच वेळी बोलायचं असतं. "काही कमी-जास्त झालं असेल तर..." "छे हो, काय बोलता! किती साधं आणि सुंदर झालं."

याच वेळी, बहुधा सगळे खूश आहेत असं बघून, मुलांनी दारातच जाहीर केलं की लग्न रजिस्टर करायचं. एकोणीसशे चोपन्नचा विशेष विवाह कायदा, तीस दिवस आधी नोटीस, सह्या करायच्या, संपलं. मुलगा म्हणाला, "फक्त तीन साक्षीदार लागतात."

"तीन?" डोंबिवलीच्या मामी गाडीत बसता बसता थांबल्या. "म्हणजे एका बाजूचे दोन आणि एका बाजूचा एक?"

पाऊस कोसळत होता. कुणीच काही बोलेना. मग विहीणबाई गोड हसून म्हणाल्या, "अहो, आमचा एकही नसला तरी चालेल. आम्हाला कुठे काही हवंय?"

त्या रात्री साडेबाराला भाऊ, वहिनी आणि मी कागद-पेन घेऊन बसलो होतो. रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर मांडव घालायला परवानगी कुणाची लागते, हे आधी विचारायला हवं होतं.